खोटा पेशंट

आमचं ॲप रुग्णांना गोळ्यांची आठवण करून देतं. ते तपासायला आम्ही खोटे पेशंट तयार करतो आणि त्यांना घरच्यांचीच नावं देतो. आज मी ते सगळे पुसायला सांगितले होते. निखिलच्या स्क्रीनवर एकच उरला होता, त्याच्या आईच्या नावाचा. ती मागच्या महिन्यात वारली.

“सुमनताई, गोळी घेतली का?” ॲपने विचारलं. निखिलने ‘घेतली’ दाबलं. मग त्याला मागे उभी असलेली मी दिसले.

“मॅडम, हाही पुसतो लगेच.”

“राहू दे. तपासायला एक लागतोच.”

इथे सगळ्यालाच घाई. तेरावं उरकून तो आला तेव्हा मीटिंग चालू होती. कोणीतरी खुर्ची सरकवली, तेवढंच.

स्क्रीनवर ॲपचं उत्तर आलं होतं : “छान! उद्या सकाळी पुन्हा विचारू.”