गालावरचा डाग

राग आला की मी बोलत नाही, रंगवते. ही सवय लग्नाआधीपासूनची. पाहुण्यांनी डोकं उठवलं की चित्रकलेच्या वहीत पानभर वांगी काढायची. वांगीच का, ते मलाही सांगता येणार नाही. आमचे हे उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या फौंड्रीतून घरी आले की बूट काढायच्या आधी वही उघडायचे आणि हसायचे, "आज कुणाची वांगी?"

गेल्या वर्षी ते कामावरच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. दिवसकार्याच्या आत धाकट्या दिरांनी कॅम्पातल्या स्टुडिओतून मोठा फोटो करून आणला. अंगात निळा कोट, टाय, गोरापान रंग, गुलाबी ओठ.

"डागबी काढून टाकायला सांगिटलो वैनी. बघा की, कसा साहेबागत दिसतोय आण्णा!"

ह्यांनी लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता. आणि तो डाग म्हणजे उकळत्या लोखंडाची ठिणगी उडून गालावर पडलेला, हरभऱ्याएवढा. माझा संताप झाला. पण दीर रडत रडत फोटोला हार घालत होते, त्यांना काय बोलायचं?

मग मीच ह्यांचं चित्र काढायला बसले. डबा धरलेला हात आला, झिजलेले बूट आले. चेहरा काढायला गेले की भिंतीवरचा साहेब उतरायचा. तोच टाय, तेच ओठ. पान फाडायचं, पुन्हा बसायचं. भिंतीकडे पाठ करूनही बसून पाहिलं. फोनमध्ये शोधलं, तर घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले, म्हणून एकातही ते नाहीत; लग्नातले फोटो डाग पडायच्या आधीचे. स्टुडिओत जाऊन, ह्यांनी पूर्वी तिथंच काढून घेतलेला मूळ फोटो मागितला. तिथला माणूस म्हणाला, "जुनं कुठं ठेवतोय मावशी, डिलीट झालं ते."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दुपारी मात्र चेहरा जमला. डोळे त्यांचे, थकलेले. शेवटी डाव्या गालावर करड्या रंगाचा तो ठिपका दिला आणि मी रडले. किती महिन्यांनी ते मला दिसले होते.

लेक पुण्याहून आली होती. तिनं वही हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, डाग उजव्या गालावर होता ना?"

"डाव्यावरच गं," मी म्हणाले.

"नाही. बाबा शेजारी बसून जेवायचे, तेव्हा मला दिसायचा."

ती कुठल्या बाजूला बसायची, ते मी आठवू लागले. खुर्च्या डोळ्यांपुढे आणल्या. जितकं आठवावं तितका तो ठिपका इकडून तिकडे सरकायला लागला. सवयीनं आम्ही दोघींनी भिंतीकडे पाहिलं. तिथं दोन्ही गाल स्वच्छ होते.

सासूबाई कॉटवर बसून ऐकत होत्या. लेकीनं त्यांना विचारलं, "आजी, तू तरी सांग."

"आण गं हिकडं," म्हणत त्यांनी वही मांडीवर घेतली. चष्मा नीट केला. बोट आधी एका गालावर ठेवलं, मग दुसऱ्यावर नेलं, पुन्हा पहिल्यावर आणलं. आम्ही वाट बघत उभ्या.

"नऊ म्हैनं पोटात वागवलो," त्या म्हणाल्या, "आनि मलाच ठावं न्हाय गं."