मामांच्या कानासाठी आणलेलं दांडकं

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ऐकू येत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांना सोडून अख्ख्या कोल्हारला माहीत होती. त्यांचं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं. कारखान्याला ऊस वाहायचा, ट्रॅक्टरचा सायलेन्सर कधीच गळून पडलेला, आणि "आवाज ऐकला की इंजिनाचं दुखणं कळतं" म्हणून त्यांनी तो पुन्हा बसवलाच नाही. इंजिन धडधाकट राहिलं, कान गेले. कानाला मशीन लावू म्हटलं की म्हणायचे, "मला समदं ऐकू येतं. आताची लोकं तोंडातल्या तोंडात बोलत्यात." झालं, विषय संपला.

याचा सगळ्यात जास्त ताप मला. सुनेनं सासऱ्यापुढं आवाज चढवू नये, हे माझ्या आईनं सासरी पाठवताना दहादा बजावलं होतं. आणि इथं मी रोज सकाळी दारातल्या ओट्यावरून बोंबलतेय, "मामा, चहा!" तिसऱ्या हाकेला रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघतात. मी घरी ब्लाऊज शिवते. एकदा माप द्यायला आलेली बाई दारातूनच माघारी गेली. तिला वाटलं, आमच्यात वाटणीवरून जुंपलीय. मी मामांना भाजी कसली करू एवढंच विचारत होते. मुळात माझा स्वभाव तापट, त्यात हे. भांडखोर सून म्हणून नाव झालं ते झालंच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचाही घसा बसलेलाच असायचा, पण नवऱ्याला 'तुमी बहिरे झालाव' म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. शेवटी सगळ्यांनी मिळून खापर टीव्हीवर फोडलं. टीव्हीचाच आवाज बसलाय, असं ठरलं. माझ्या नवऱ्यानं मग टीव्हीला जोडायचा स्पीकर, साउंडबार, आणला. त्याचं म्हणणं, एकदा मामांना टीव्ही नीट ऐकू आला की आपलं काय काय ऐकायचं राहतंय ते त्यांना कळेल आणि ते आपणहून डॉक्टरकडं यायला तयार होतील. माझा नवरा भोळा आहे.

खोक्यातून निघालं हातभर लांबीचं काळं दांडकं.

"बाकीचं कुठंय?" मामांनी विचारलं.

"सगळं यातच आहे," नवरा ओरडला. "अख्खं होम थिएटर!"

मामांनी ते उचलून वजन बघितलं. मग खोकं उलटं करून झटकलं, त्यातून थर्माकोल पडला. "फसवलं तुला. वरातीतलं बॉक्स बघ, कपाटायेवढं असत्यात. यात कुठनं मावणार आवाज?" तरी नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि ते कुंकू जाळीतून आत गेलं ते गेलंच.

दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी लोकर काढली. आमच्या घरात उघडी वस्तू राहत नाही. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, टीव्हीला तर झालर आहे. दांडक्याला त्यांनी लांबोळकं कव्हर विणलं, हिरवं, दोन्ही टोकांना गोंडे. त्यावर पितळी गाय-वासरू ठेवलं. आता बातम्या गोधडीतून यायला लागल्या. नवरा आवाज वाढवायचा, मामा म्हणायचे, "हे बी खराब निगालं." पंधरा दिवस आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. एवढंच कळायचं की सातच्या बातम्या संपेपर्यंत गाय-वासरू थरथरत, चालत चालत कडेला येतं आणि ते सरकवून परत मागं ठेवायचं. मग एक दिवस मी कव्हर धुवायला काढलं, संध्याकाळी टीव्ही लावला, आणि बातम्या देणारी बाई अशी कडाडली की माझ्या हातातली पोळी खाली पडली.

मामा मात्र खूश झाले. "आज बाई बरी बोलतीय," म्हणाले.

आत्याबाई रुसल्या. "धूळ बसंल त्याच्यावर," एवढंच म्हणाल्या. शेवटी तह झाला, चालू असताना कव्हर काढायचं, बंद झालं की घालायचं. आवाज मात्र वाढवला होता तिथंच राहिला. शेजारचे काका म्हणाले, "आमी आमच्या टीव्हीचा आवाज बंदच करून टाकलाय. चित्र आमचं, आवाज तुमचा." आणि मामा प्रत्येक आल्यागेल्याला दांडकं दाखवून सांगायचे, "बगा, टीव्हीच खराब हुता. हे मला म्हनं डॉक्टरकडं चला." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आता तर मामांच्या हातात पुरावाच आला होता. मला इतका राग आला की ते दांडकं प्रवरा नदीत फेकून यावंसं वाटलं.

सकाळी मात्र त्या दांडक्यावर आत्याबाईंचा हक्क. त्यांच्या मोबाईलवरची भजनं नवऱ्यानं ब्लूटूथनं त्याला जोडून दिली होती. त्यांना टाइप करता येत नाही, म्हणून कोपरगावच्या बहिणीला त्या बोलून मेसेज पाठवतात. आणि पाठवला की स्वतःच तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात, नीट गेला का बघायला. मी कितीदा सांगितलं की तो जातोच. पण नाही.

त्या दिवशी भजनं संपली होती. मामा हॉलमध्ये कॉटवर बसलेले, मी ओट्यावर ब्लाऊजला हातानं हुक लावत, आणि आत्याबाई मागच्या दारी मेथी निवडत. मोबाईल दांडक्याला जोडलेलाच होता. त्यांनी हळू आवाजात मेसेज बोलला, पाठवला, आणि सवयीनं ऐकायला लावला. हॉलमध्ये आत्याबाईंचा आवाज गरजला.

"आगं ताई, जेवलीस का? मी मेथी निवडतीया. सून ओट्यावर हाय. तोंडाची फाटकी हाय, पन मनानं बरी हाय."

माझी सुई बोटात गेली.

"ह्यांचं कानाचं तसंच हाय बग. लई वरसं झाली, म्या ह्यांच्याशी हळू बोलले न्हाई. जे बोलायचं ते गल्लीला ऐकवूनच बोलायचं. मग तसलं कायी बोलायचंच सोडून दिलं. आता निस्तं जेवा, झोपा, गोळी घ्या. ह्यांना वाटत आसंल, हिच्याकडं बोलायला कायी उरलंच न्हाई. लई उरलंय गं ताई, पन वराडून कसं बोलू?"

आत्याबाई मेथीची जुडी हातात घेऊन धावत आल्या. मोबाईल मागंच राहिला होता. काय बंद करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी चटकन दांडक्याला कव्हर घातलं. मग त्यातून घोगऱ्या आवाजात बहिणीच्या सुनेची चौकशी झाली, कोपरगावला पाणी किती दिवसांनी सुटतं ते विचारून झालं, आणि मेसेज संपला. शेजारच्या काकांच्या घरात भांड्याचाही आवाज नव्हता.

आत्याबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि सुई अजून बोटातच होती. दुपारी जेवताना मामा म्हणाले, "मेथी चांगली झालीया." संध्याकाळी त्यांनी बातम्या लावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाला हाक मारायच्या आतच ते ओट्यावर येऊन उभे राहिले. "सूनबाई, नगरला त्या कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावावा लागतो का?"

"लावावा लागतो!" मी ओरडले.

"मी लावून देतो," पलीकडून काका ओरडले.

आम्ही तिघं नगरला गेलो. डॉक्टरांनी तपासलं, मापं घेतली, आणि पुढच्या खेपेला मशीन बसवलं. बाहेर रस्त्यावर आलो तर मामा प्रत्येक रिक्षाकडं रागानं बघत होते. आत्याबाईंनी सवयीप्रमाणं छाती भरून घेतली आणि म्हणाल्या, "अवो, आता येतंय का ऐकू!"

मामा दचकून दोन पावलं मागं सरले. "आगं हळू. मी काय बहिरा हाय का?"

आत्याबाई गोंधळल्या. हळू बोलायचं म्हणजे कसं, तेच त्या विसरल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, मामांच्या जवळ गेल्या आणि काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मामा मान खाली घालून ऐकत होते, मधूनच "व्हय," म्हणत होते.

मी हातभर अंतरावर होते. मला एक शब्दही ऐकू आला नाही.