मोठेबाबांची केबल

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी आमच्या घरची बैलजोडी गेली. माझी फी, खामगावातली खोली, खानावळ, एवढ्यासाठी बाबांनी ती बाजारात नेऊन उभी केली आणि आमची मोट बंद पडली. पिंपळगाव राजाच्या अलीकडे आमचा भाजीचा मळा. विहिरींना पाणी होतं, पण ते वर कोण आणणार? माय आणि बहीण हातांनी पोहरे ओढून वांग्याचे चार-दोन वाफे जगवायच्या. बाकीची जमीन पांढरी पडलेली. हे सगळं पुन्हा वर आलं ते महिन्यापूर्वी कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा. सुखदेवबुवा वारले. सुखदेव म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा. कार्ड वाचून मला रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण मग खोटं तरी का बोलावं?

आमच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, आणि मोठेबाबांना नेमका तोच खुपायचा. मी पास होऊन घरी आलो त्याच सुमारास विजेचे खांब आमच्या शिवेपर्यंत आले. दोघा भावांनी मिळून एक मोटार घेतली आणि तीनशे फूट जाड रबरी केबल. हिवाळ्यात मोटार नाल्यापलीकडच्या विहिरीवर, उन्हाळ्यात अलीकडच्या, आणि पावसाळ्यात सगळं काढून सपरात, म्हणजे घराला लागून असलेल्या छपरात. दुसरी केबल घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती आणि बैल तर केव्हाच गेले होते. ती केबल गेली म्हणजे मळा गेला, इतकं ते साधं होतं.

केबलीचा ताबा मोठेबाबांनी आपल्याकडे ठेवला. आमच्या रिकाम्या पडलेल्या बैलगाडीची दोन चाकं काढून त्यांनी तिच्यासाठी मोठं रीळ केलं. पहिल्यांदा मी ती कोपर आणि पंज्याभोवती गुंडाळायला लागलो तेव्हा ते लांबूनच ओरडले, "काऊन बे मध्या, खाटेची दोरी हाय का ते?"

"नीट तर गुंडाळून राह्यलो, मोठेबाबा."

"आतली तार मुरडली म्हंजे तुही डिग्री लावशीन का तिथं? सोड. ती जिकडं वळते तिकडं वळू दे तिले."

गुंडाळण्यात ते उस्ताद होते, हे कबूल करतो. आधी चिखल ओल्या फडक्यानं पुसायचा, थंडीत केबल कडक असली तर घटकाभर उन्हात ठेवायची, फरफटत ओढायची नाही, वेढे मोठे आणि सैल घ्यायचे, बांधायची ती जुन्या लुगड्याच्या चिंधीनं, सुतळीनं नाही. पण हे शिकवताना ते चारचौघांना गोळा करायचे. "पाह्यला का आमचा बी.एस्सी.? सायबाले वायर गुंडाळता येत नाही!" मग सगळे हसायचे. बाबाही हसायचे. ते मी विसरलो नाही.

त्या उन्हाळ्यात मोटार अलीकडच्या विहिरीवर आणली. केबल मीच गुंडाळली, त्यांच्या पद्धतीनं, ते समोर उभे असताना. ही विहीर खांबापासून जेमतेम शंभर फूट. उरलेली दोनशे फूट केबल जमिनीवर सोडली तर गुरं तुडवतील, उन्हानं रबर तडकेल, म्हणून मोठेबाबांनी ती खांबाजवळच्या स्टार्टरपाशी रिळावरच ठेवली आणि वरून गोणपाटं झाकली. इतकी तिची काळजी! मी म्हणालो, "मोटार चालू असताना रिळावर ठेवू नका. करंटनं तार तापते. मोकळी असली त गरमी निंगून जाते, गुंडाळीत कोंडून राह्यते."

मोठेबाबा शेजाऱ्यांकडे वळले. "आयका हो. गोधडी पांघरली म्हनून केबलीले ताप येईन म्हनते!"

पाचव्या दिवशी भर दुपारी मळ्यात जळक्या रबराचा वास सुटला आणि मोटार बंद पडली. भेंडी फुलावर आलेली, मिरची हातभर वाढलेली. वास घेऊन माणसं जमली तशी मोठेबाबांनी माझ्याकडे बोट केलं. "यानंच गुंडाळली होती. पीळ घातला यानं. आतून तुटली." बाबा काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मिरचीकडे पाहत हळूच म्हणाले, "बैल बोलत नोते... पन पानी देत होते."

मोठेबाबांची हजार बोलणी मी गिळली असती. हे एक गिळता आलं नाही. मी आधी स्टार्टरचा खटका पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले आणि सगळ्यांसमोर रीळ उलगडायला घेतलं. वरचे वेढे साफ होते. पुढे केबल गरम लागली, आणखी पुढे हात ठेववेना. मधले वेढे एकमेकांना असे चिकटले होते की सोडवताना रबराचे लचके निघाले. मी म्हणालो, "पिळानं तुटली असती त एका जागी तुटली असती. हे पाहा, एवढी लांब शिजली. अन् जी मोकळी जमिनीवर होती, तिले काही झालं? हात लावून पाहा." एकेकानं हात लावला. बाबांनीही लावला. मोठेबाबांनी लावला नाही. धोतराचा सोगा झटकून ते घराकडे निघून गेले.

जळका तुकडा कापून काढला. विहिरीकडच्या बाजूची चांगली केबल शंभर फुटांहून जास्तच निघाली. वायरमननं ती सरळ स्टार्टरला जोडली आणि दिवस मावळायच्या आत मिरचीला पाणी लागलं. बाबा पाटाच्या कडेला बसले होते. मला म्हणाले, "मध्या, दारं तू मोड आज." पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायचं हे काम एरवी ते कोणाला करू देत नसत. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र मी त्या दिवशी घेतलं असं समजतो.

"चुकलं" हा शब्द मोठेबाबांच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही. मात्र पुढच्या हंगामात जळालेल्या जागी नवा तुकडा जोडून केबल पुरती केली, आणि तेव्हापासून मोटार लावण्याआधी ते स्वतः केबलीचा शेवटचा वेढासुद्धा सोडायचे आणि बेचक्यांच्या काठ्या रोवून ती बांधाच्या कडेनं सावलीत नागमोडी टांगायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हे आपली पद्धत हाय." आपली! मी समोर असतानाही म्हणायचे, आणि माझ्याकडे बघायचे सुद्धा नाहीत.

तेरवीला गेलो तर पंगतीत एक म्हातारा सांगत होता, "गुंडाळून मोटार लावू नका, हे सुखदेवबुवानं शिकोलं बरं गावाले." घास माझ्या हातातच राहिला. दुःखाचं घर होतं, त्यांची बायको, आमची मोठीमाय, दारात बसलेली... मी घास तोंडात घातला. जेवण झाल्यावर सपरात गेलो. केबल तिथेच होती. त्यांनी शेवटची ठेवलेली, सैल, गोल, कुठे मुरड नाही, दोन्ही टोकांना ओल शिरू नये म्हणून मेण लावलेलं. त्यांना क्षमा करावी असं तेव्हाही वाटलं नाही.

केबल गुंडाळायची कशी, हे मी त्यांच्याकडून शिकलो. ते नाकारत नाही. पण आज आमच्या गावात ज्याच्याकडे मोटार आहे तो माणूस बटन दाबण्याआधी केबल पूर्ण उलगडतो, आणि त्या उन्हाळ्यानंतर कोणाचीही केबल गुंडाळीत जळालेली नाही. हे गावाला मी शिकवलं.