लाइनवर कुणीतरी

“मी फक्त आवरलं. आवरणं हा गुन्हा झाला का आता?”

“आवरलं नाहीस, मोडलंस.”

“एक वायर तुटलेली दाखव. एक. उलट सगळ्या पुसल्या, गुंडाळल्या, रंग बघून रबरं लावली. लाल लालमध्ये, काळी काळीत. दुकानात मांडतात तशा.”

“तेच म्हणतेय मी. दुकान केलंस त्याचं.”

“बाई गं. डोळ्याचं ऑपरेशन तुझं झालं आणि दिसेनासं मला झालं, असंच ना?”

मागच्या खोलीच्या दारात दोघी बहिणी उभ्या होत्या. ताई आत, धाकटी उंबऱ्यावर. ताईच्या डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा, धाकटीच्या हातात ओलं फडकं. मोतीबिंदू काढायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, सोबतीला कुणीतरी हवं. कुणीतरी म्हणजे धाकटीच. ताईला दुसरं होतं कोण? धाकटी आली, दोन्ही वेळचं रांधलं, न चुकता डोळ्यात थेंब घातले, आणि ताई दवाखान्यात होती त्या दिवशी मागची खोली लख्ख करून टाकली. धूळ डोळ्यात जाईल म्हणून ताईला त्या खोलीची बंदी होती. आज सकाळी तपासणीत डॉक्टरांनी ती बंदी उठवली. घरी आल्या आल्या ताईने चपलासुद्धा न काढता खोलीचं दार उघडलं.

समोर भिंतीला टेकून टेलिफोन एक्स्चेंजचा जुना लाकडी बोर्ड उभा होता. छिद्रांच्या ओळीच ओळी, आणि सगळी छिद्रं रिकामी. कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखा तो तिच्याकडे बघत होता.

“मग परत लाव की,” धाकटी म्हणाली. “तूच लावल्या होत्यास ना?”

“कुठली कुठे होती ते आठवायला नको?”

“तुला? अख्ख्या शहराचे नंबर तोंडपाठ होते तुला. डिरेक्टरी उघडायच्या आधी लोक तुला विचारायचे.”

“नंबर पाठ करता येतात. हे चाचपडत झालं होतं. आज एक वायर इकडे, चार दिवसांनी एक तिकडे. वर्षं गेली त्यात.”

“रेकॉर्ड करून ठेवायचं होतंस मग.”

“डोळा झाला की करणार होते.”

“म्हणजे चूक डोळ्याची,” धाकटी म्हणाली आणि फडकं पिळायला आत गेली.

त्या खोलीत नेमकं काय चालतं, हे खालच्या लॉन्ड्रीवाल्याला विचारलं तर तो सांगे, बाई भुतांना फोन लावतात. त्याचं फार चुकत नव्हतं. ताई विजेतून सूर काढत असे. दुकानात अशी यंत्रं मिळतात, सिंथेसायझर म्हणतात त्यांना, आणि त्यांना पियानोसारख्या पट्ट्या असतात. ताईच्या यंत्राला पट्ट्या नव्हत्या, छिद्रं होती. बोर्डाच्या पाठीमागे बिघडलेल्या दारघंट्यांची पोटं उघडून बसवली होती. सूर त्यांच्यातून निघे. तो सूर वायरीने एका छिद्रातून दुसऱ्यात न्यायचा. मध्ये एक सर्किट होतं, ते आवाजाचा चरचरीतपणा काढून टाकी. ताई त्याला गाळणी म्हणे. पुढे पत्र्याचा डबा, त्यात जुन्या आरामखुर्चीची स्प्रिंग ताणून बसवलेली. त्या डब्यातून गेलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमे. ठेक्यासाठी वॉशिंग मशीनचा टायमर होता. त्याची चकती कटकट फिरे आणि प्रत्येक कटकटीला एक ठोका पडे. हेच तिचं ड्रम मशीन. ठेके तीनच: भिजवणं, घुसळणं आणि पिळणं. पिळण्याचा ठेका सगळ्यांत जोरकस.

एकदा एका तळघरातल्या छोट्याशा हॉलमध्ये तिने हे वाजवलंही होतं. आधी आणि नंतर लॅपटॉपवाली तरुण मंडळी. त्यांच्यातला एकजण तिला म्हणाला, “आजी, तुमचं सगळं विंटेज आहे.” ताईने घरी येऊन शब्दाचा अर्थ शोधला. जुनाट, पण महाग. अर्धं तरी खरं आहे, असं म्हणून ती झोपली. पुन्हा कुणी बोलावलं नाही, तिनेही विचारलं नाही.

त्या मुलांची यंत्रं बटण दाबलं की कालचा आवाज आज जसाच्या तसा देत. ताईच्या बोर्डाची स्मरणशक्ती म्हणजे त्याला लागलेल्या वायरी. लागलेल्या आहेत तोवर आवाज आहे. काढल्या की पाटी कोरी.

हा बोर्ड कुठून आला, ते धाकटीला सांगायची गरज नव्हती. तिनेही त्याच्या शेजारच्या बोर्डासमोर स्टूल झिजवलं होतं. दोघी बहिणी एकाच एक्स्चेंजमध्ये लागल्या, शेजारी शेजारी बसल्या. ताईची जागा सात नंबरची, धाकटीची आठ. तिथे नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. घरीसुद्धा ताई तिला ‘ए आठ, मीठ दे’ म्हणायची आणि आई कपाळावर हात मारायची. कुणी आपल्या घरी फोन उचलला की बोर्डावर त्या घराचा दिवा लागे. तिथे वायर खुपसायची, ‘नंबर सांगा’ म्हणायचं, जोडून द्यायचं. बोलणं संपलं की दिवा विझे. मागून सुपरवायझर बाई फिरायच्या. त्यांचं पाळण्यातलं नाव काहीही असो, बोर्डावरच्या मुलींत त्या कैदाशीण. पाळी संपताना त्यांचं ठरलेलं वाक्य असे: “दिवा विझला, वायर काढा. मेलेल्या लाइनला धरून बसू नका.” विझल्या दिव्याखाली एक जरी वायर राहिली तरी पुढच्या पाळीच्या मुलींसमोर त्या अशी खरडपट्टी काढत की बिचारीला जेवण जात नसे.

धाकटीचं लग्न झालं आणि आठ नंबरला दुसरी मुलगी आली. घर शहरातच, चांगलं, खाऊनपिऊन सुखी, घरात टेलिफोन असलेलं. म्हणजे त्या घरालाही बोर्डावर दिवा होता, आणि तो नेमका सात नंबरच्या वाट्याला आलेल्या ओळीत.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो दिवा दुपारचा लागायचा. ताई वायर खुपसून म्हणायची, ‘नंबर सांगा.’ पलीकडून काहीच नाही. लांबवर भिंतीवरचं घड्याळ, एखादं भांडं, आणि अगदी कानाशी श्वास. बस्स. ताईला कळायचं कोण आहे ते. नाव घ्यायची सोय नव्हती. कैदाशीण मागे उभी असायची, आणि तिकडेही कुणीतरी उभं असणार. ताई लाइन धरून बसायची. दुसऱ्या हाताने बाकीचे दिवे उरकायची, पण ती वायर काढायची नाही. मग दिवा आपोआप विझायचा. सणासुदीला, माहेरपणाला धाकटी ठेवणीतले कपडे घालून हसत यायची, ताई तिला हसत पाणी द्यायची. फोनचा विषय एकीने काढला नाही, दुसरीनेही नाही. पुढे दिवा लागेनासा झाला. एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं, बोर्ड भंगारात निघाले. ताईने आपला सात नंबर हातगाडीवर घालून घरी आणला. आई हयात होती, म्हणाली, “नवरा आणायचा सोडून हे काय आणलंस?” मग आईही गेली. नोकरी संपली. संध्याकाळ झाली की घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरायचा.

तेव्हापासून ताई एकाच आवाजाच्या मागे होती. पलीकडे कुणीतरी फोन उचललाय आणि अजून बोललेलं नाही, तो आवाज. तो सूर नव्हता, शांतताही नव्हती. दोन दारघंट्या इतक्या खाली आणायच्या की ऐकू न येता जाणवाव्यात, त्यावर गाळणीतून काढलेली हवा, स्प्रिंगच्या डब्यात टायमरची पुसट टकटक. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो जुळला. ताईने हेडफोन लावले. पलीकडे कुणीतरी होतं. मग तिने रोज जेवण झालं की हेडफोन लावायचे आणि नुसतं बसायचं. काही बोलायचं नाही, लाइन धरून ठेवायची.

आणि आता रबरं लावलेल्या वायरी.

धाकटी परत आली. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तिचा मुलगा तिला न्यायला निघाला होता. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता ती मुलाकडे असे. ती स्टूल ओढून बोर्डासमोर बसली.

“तुला खरं सांगू का?” ती म्हणाली. “मी झाडू घेऊन आले होते, तुझ्या वायरींना हात लावायचा विचारही नव्हता. बघितलं तर सगळे दिवे विझलेले आणि वायरी तशाच लागलेल्या. माझा हात आपोआप गेला, ताई. निम्म्या निघाल्यावर कळलं मी काय करतेय ते. म्हटलं आता निम्म्या ठेवून काय करू, सगळ्याच काढल्या.”

ताईने बोर्डाकडे बघितलं. दिवे विझलेले नव्हते, बोर्डावर आता दिवेच नव्हते. त्यांच्यामुळे आवाजात गुणगुण यायची म्हणून तिनेच ते सगळे काढून टाकले होते. दुसरं कुणी असतं तर या जंजाळाला हात लावायला भ्यालं असतं. आणि आठ नंबरच्या जागी ती स्वतः असती तर तिनेही हेच केलं असतं.

“कैदाशिणीने शिकवलंच तसं,” ती म्हणाली.

“वर जाऊनही खरडपट्टी काढत असेल.” धाकटीने लाल जुडीचं रबर सोडलं. “चल, सांग. मला दिसतंय, तुला आठवतंय. दोघींत मिळून एक ऑपरेटर होईल. कुठे लावू?”

“वरून तिसरी ओळ. नाही, चौथी.”

“ठरव बाई.”

“चौथी. आणि तिथून खाली, गाळणीला.”

“गाळणी कुठली यातली? सगळी चाळणीच दिसतेय मला.”

ताईला हसू आलं. दुपार त्यात गेली. एक वायर लावायची, ताईने ऐकायचं, मान हलवायची, काढायची. आवाज कधी बेडकासारखा निघे, कधी पंख्यासारखा. एकदा तर इतका किंचाळला की खालून लॉन्ड्रीवाल्याने छताला काठी ठोकली. धाकटीचे हात मात्र चुकत नव्हते. वायर खुपसताना पिन किंचित फिरवून बसवायची, ती सवय गेलेली नव्हती. ताईच्या मनात आलं, हिची बॅग दाराशी नसती तर आवाज नाही सापडला तरी चाललं असतं.

उन्हं उतरली तेव्हा कुठे ते जवळपास आलं. तसंच नव्हे. घड्याळ जरा घाईचं वाटत होतं. पण हवा होती, आणि हवेमागे कुणीतरी होतं.

“ऐकू दे मला पण,” धाकटी म्हणाली. “इतकं रामायण कशासाठी केलं ते तरी कळू दे.”

ताईने आपले हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले.

धाकटी आधी हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होती. “यात गाणं कुठे आहे?”

“गाणं नाही. पलीकडे कुणीतरी आहे.”

“कोण?”

धाकटी ऐकत राहिली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने दोन्ही हात हेडफोनवर धरले, डोळे बोर्डावरच्या एका जागेवर गेले. ज्या ओळीत तिच्या सासरच्या घराचा दिवा असायचा, ती ओळ तिला विसरणं शक्य नव्हतं.

“तुला कळायचं?” तिने विचारलं. हेडफोनमुळे आवाज जरा मोठा निघाला.

“दर वेळी.”

“बोलली नाहीस कधी.”

“तूही नाहीस.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मुलगा आला होता. धाकटी हलली नाही. पुन्हा हॉर्न वाजला, तसे तिने हेडफोन उतरवले आणि स्टुलावर ठेवले. उठून ओढणी सारखी केली. थेंबांची बाटली ताईच्या हातात दिली. “झोपताना एक. आरशासमोर उभी राहून घाल, नाहीतर गालावर जातो.”

“आठ,” ताई म्हणाली.

धाकटी दाराशी बॅगेला हात घालून थांबली.

“तेव्हा काय सांगायचं होतं तुला?”

धाकटीने बॅग उचलली. एकदा ताईकडे, तिच्या त्या काळ्या चष्म्याकडे बघितलं. मग वळली आणि जिना उतरून गेली.