अळिंबीला फिनेल

अळिंबीच्या पिशव्या मी फिनेलने पुसल्या. आतून, बाहेरून, फडकं पिळून पिळून.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला आमची दोन खोल्यांची जागा, आणि भिंतींना बारमाही ओल. बिल्डरने प्लास्टरमध्ये काय कालवलं होतं ते तोच जाणे. तक्रार केली की म्हणायचा, "शेठ, खिडकी खुली रखो." खिडकी उघडली की डास. अशात अळिंबी लागवडीच्या एका शिबिरात ऐकलं, अळिंबीला ओल लागते. म्हटलं, ओल आपल्याकडे फुकट आहे, बाकीचं आणू.

भाताचा पेंढा सासऱ्यांनी चेण्याहून पाठवला. सोबत निरोप: "पेंढा आमची ढोरं खातात. जावय खातात का न्हाय, बघाला येतो." मीही ताठ्यात एक रविवार देऊन टाकला. या, अळिंबीची भाजी खायला.

पेंढा उकळला, बियाणं घालून प्लास्टिकच्या पिशव्यांत दाबला, पिशव्या मोरीत दोरीला टांगल्या. आंघोळीला सगळे वाकून जात. बायको एवढंच म्हणाली, "देवळातल्या घंटाही इतक्या खाली नसतात."

काही दिवसांनी पिशव्यांत पांढरं जाळं धरलं. माझं डोकंच फिरलं. या घरात एक वस्तू म्हणून धड राहायची नाही. शिबिरातल्या सरांनी बजावलं होतं, बुरशी दिसली की खेळ खलास. बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी पिशव्यांची तोंडं सोडली आणि फिनेल हाणलं.

मग काहीच उगवेना. रविवार तर तोंडावर आलेला. एक पिशवी उचलली आणि तणतणत सरांकडे गेलो. "तुमचं बियाणं बोगस आहे."

सरांनी पिशवीत नाक घातलं आणि झटकन काढलं. "फिनेल?"

"बुरशी आली होती. पांढरी."

"पांढरी येणारच. अळिंबी म्हणजे बुरशीच, साहेब. तेच तुमचं पीक. हिरवी आली तर टाका, असं म्हणालो होतो मी."

हिरवी. हा शब्द ते बोलले तेव्हा मी चहाच्या रांगेत होतो. मोलाचं तेवढं नेमकं चहाच्या वेळी सांगायचं, ही कुठली शिकवण्याची पद्धत? मला अजून राग येतो.

रविवारी सासरे आले. मोरीत गेले, पिशवी हुंगली. "ह्यो पेंढा आता ढोरंपन खायाची न्हाय," म्हणाले आणि पाटावर बसले. बायकोने पिठलं-भात वाढला. चूक बिल्डरची कशी, सरांची कशी, हे मी त्यांना तावातावाने समजावू लागलो. बायकोने माझं ताट पुढ्यात आपटलं आणि कपाटामागून छतापर्यंत चढलेल्या काळ्या डागांकडे बोट केलं.

"ही बुरशी पुसा म्हणून वर्षभर ओरडतेय, ती नाही पुसली. खायची होती तेवढी मात्र पुसलीत."