वॉर्डातली बांगडीवाली

सोलापुरातल्या दवाखान्यात, कॅन्सरच्या बायकांच्या वॉर्डात, दर सोमवारी एक बांगडीवाली यायची. मैंदर्गीची. नाव मी कधी विचारलं नाही. साबणानं हात धुऊन ती थेट कॉटवर बसायची. सलाईनकडं तिची नजरच जायची नाही, ती मनगटं बघायची. पंजा चेपून माप घ्यायची आणि गप्पांच्या नादात बांगडी चढवायची.

आई भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. आजार हाडात उतरलाय, हे तिला ठाऊक होतं. एका सोमवारी बांगडीवाली तिच्या कॉटजवळ आली तशी मीच फटकारलं, "माझे वडील गेल्यापासून आई बांगड्या घालत नाही."

"आनि लग्नाच्या आदी?" तिनं आईलाच विचारलं. "तवा घालत व्हतीस न्हवं अव्वा? त्या काय नवऱ्यानं दिल्या व्हत्या व्हय?"

आई वळली. "माझा बाप आनायचा, जत्रंतनं. हिरव्या."

बांगडीवालीनं आईचा सुई नसलेला हात धरला. वाळलेल्या पंजावरून नेहमीच्या बांगड्या गळूनच पडल्या असत्या. तिनं पोरींच्या मापाच्या हिरव्या काढल्या. अलगद बसल्या.

"बग की, परकरातलं माप परत आलं!"

आई इतकी हसली की अख्खा वॉर्ड हसायला लागला.

संध्याकाळी सिस्टर रक्त घ्यायला आल्या आणि त्यांनी तोच बांगड्यांचा हात मागितला. आईनं तो पदराखाली लपवला आणि सुईवाला पुढं केला.

"काय घ्यायचं ते ह्यातनं घ्या. त्यो हात आज माझा हाय."