प्लायवूडपलीकडची जाऊ

आखातातल्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलात मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती दाराच्या बेलची. मंदी आली आणि वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं गाशा गुंडाळून आपापल्या देशी गेली. खाली उरलो आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि दहावीतली मुलगी. आणि हॉलच्या मधोमध ठोकलेल्या प्लायवूडच्या पलीकडे ती.

एका व्हिलात एकच कुटुंब, असा तिथला नियम. आमच्या घरमालकाने मात्र आडव्या-उभ्या फळ्या ठोकून भाडेकरू भरले होते. पालिकेची माणसं गल्लीगल्लीतून तपासणी करत फिरायची आणि जिथे असं काही सापडेल तिथली वीज तोडायची. नवरा मुसफ्फाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होता आणि तिथली निम्मी खुर्च्या-टेबलं रिकामी झाली होती. हे घर गेलं तर दुसरं परवडणार नाही, मी कंपनीच्या कामगार-कॅम्पात राहीन आणि तुम्ही दोघी पुण्याला जा, असं त्याने मला स्पष्ट सांगून टाकलं होतं. मुलीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. त्यामुळे दूधवाल्याने बेल वाजवली तरी मी आधी पडद्याआडून बघायचे.

पलीकडे राहणारी ती पाकिस्तानी टीव्हीवरची नटी होती. माझ्या ओट्याशी उभं राहून चहा पिता पिता तिने मला तिची सगळी कहाणी सांगितली. कराचीत कॉलेजच्या नाटकात कुणीतरी तिला पाहिलं आणि मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम दिलं. मग एका मालिकेत ती सासरहून हाकललेली सून झाली आणि शेवटच्या भागात मेली. त्यानंतर बाजारात बायका तिला धरून रडायच्या. तेव्हापासून प्रत्येक निर्मात्याला ती फक्त रडायलाच हवी असायची. ग्लिसरीन न घालता ती सांगाल तेव्हा रडू शकायची. माझ्या मुलीने हट्ट केला की बोलता बोलता तिचे डोळे भरून यायचे, आवाज मात्र अजिबात नाही. तिशी ओलांडल्यावर तिला आईच्या भूमिका यायला लागल्या आणि पडद्यावरचा मुलगा तिच्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान असायचा. वैतागून ती दुबईत एका नव्या चॅनलकडे आली. मंदीत ते चॅनलच बंद पडलं आणि चित्रित केलेले भाग कुणी कधी पाहिलेच नाहीत. आता ती इथे स्वस्त भाड्यात राहून जाहिरातींना आवाज द्यायची आणि एका सीरियलची बोलणी चालू आहेत, असं दर आठवड्याला सांगायची. रिकाम्या हाताने कराचीला जाणं तिला नको होतं.

मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. फळीपलीकडे कोण राहतं हे मी पुण्याला आईला सांगितलंच नाही. उगाच तिची झोप कशाला उडवायची.

तपासणीच्या वेळी तिला आपल्या भावाची बायको म्हणायचं, ही युक्ती नवऱ्याचीच. मला वाटलं, ती चिडेल. तिने उलट प्रश्नांची सरबत्तीच लावली. हा भाऊ काय करतो, लग्न कधी झालं, जावाजावांचं पटतं का? हे सगळं कळल्याशिवाय ती कुठल्याही भूमिकेला हात लावत नसे. माझ्याकडून तिने साडी नेसायला शिकून घेतली, टिकल्यांचं पाकीट आणि माझं जास्तीचं मंगळसूत्र नेलं. तालमीत मी कायम नापास. एकदा वैतागून म्हणाली, "डर आँखों में मत रखिए, हाथों में रखिए। हाथों को काम दिया जा सकता है।"

एका दुपारी घरमालकाच्या वॉचमनचा मिस्ड कॉल आला. तपासणीवाले गल्लीत आल्याची ठरलेली खूण. मी परात ओढली आणि कणीक मळायला बसले. ती माझी हिरवी साडी नेसून, टिकली लावून आली आणि मुलीच्या शेजारी बसून भाजी निवडू लागली. मुलगी पुस्तकातून मान वर न करता पुटपुटली, "धिस इज इन्सेन, मम्मा." तिचं बरोबरच होतं. फळी ठोकणं हा घरमालकाचा गुन्हा होता, पण हे सोंग आमचं होतं. बेल वाजली तेव्हा कुठे माझ्या हे नीट लक्षात आलं आणि तशाच कणकेच्या हातांनी मी दार उघडलं.

पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला तरुण अधिकारी शांत होता. त्याच्यासोबत दुभाषा म्हणून एक वयस्क पाकिस्तानी कर्मचारी. ही फळी कशाला, असं अधिकाऱ्याने त्याच्यामार्फत विचारलं. मी परातीतला गोळा उगाच पुन्हा मळायला घेतला. तिने मात्र आपलं स्वच्छ उर्दू मुद्दाम बिघडवून आमच्यासारख्या हिंदीत सांगितलं की मुलीची एग्झाम आहे, टीव्हीचा आवाज होतो म्हणून लावली. दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने मान डोलावली. माझा जीव जरा भांड्यात पडला.

इतक्यात कोपऱ्यावरच्या मशिदीतून अजान सुरू झाली आणि तिचा हात आपोआप उठला. भाजीची जुडी खाली ठेवून तिने पदर डोक्यावर घेतला. लहानपणापासूनची सवय ती, तिच्या लक्षातही आलं नाही. कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, आणि अजान ऐकून पदर डोक्यावर. दुभाष्याची नजर तिच्यावर खिळली. आता संपलं, असं मला वाटलं. मी कणकेच्या हातांनी माझी ओढणी ओढून डोक्यावर घेतली. केसांना पीठ लागलं. "हमारे में भी लेते हैं," मी म्हणाले.

दुभाषा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. हळू आवाजात त्याने तिला विचारलं, "आप टीवी पर आती थीं ना?"

"नहीं भाईसाब," ती म्हणाली. "मैं तो घर में ही रहती हूँ।"

"मेरी वालिदा उस लड़की के लिए कितना रोई थीं। पता नहीं वो कहाँ चली गई।" तो आपल्या आईबद्दल बोलत होता.

तिने जुडी पुन्हा हातात घेतली. देठ मोडत म्हणाली, "शादी हो गई होगी।"

अधिकाऱ्याने काय चाललंय म्हणून विचारलं. दुभाषा अरबीत बराच वेळ बोलला. त्यातला एकच शब्द मला कळला, आइला, म्हणजे कुटुंब. "खलास," झालं या अर्थाने अधिकारी म्हणाला आणि दोघं बाहेर पडले.

दार लागलं तशी मी तिथेच फरशीवर बसले. आम्ही वाचलो होतो, मुलीची परीक्षा इथेच होणार होती. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते. ती मात्र खिडकीशी उभी राहून त्यांची गाडी वळताना बघत होती.

"उनकी वालिदा अब हैं या नहीं, ये भी नहीं पूछ सकी," ती म्हणाली.

मग तिने टिकली काढून माझ्या मनगटावर चिकटवली आणि पलीकडे गेली. मुलीच्या हट्टापायी तिला मी कितीदा तरी रडताना पाहिलं होतं, पण फळीपलीकडून तिच्या रडण्याचा आवाज मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला. मी टीव्ही लावला आणि त्याचा आवाज मोठा केला.